हेब्बाळ ते जॉर्जटाउन: तृतीयपंथीयांच्या प्रवासहक्काचा प्रश्न

बंगळुरूच्या उत्तर वेशीवरील हेब्बाळ हे आज त्या महानगरातील सर्वाधिक वर्दळीच्या ठिकाणांपैकी एक आहे. शहराभोवतीचा बाह्यवळण मार्ग आणि बळ्ळारी मार्ग येथे एकत्र येतात. मे २००८ मध्ये देवनहळ्ळी येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून शहरातून विमानाकडे निघालेल्या प्रवाशांपैकी फार मोठ्या संख्येला हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडूनच पुढे जावे लागते. बंगळुरूच्या इतर मोठ्या चौकांप्रमाणे येथेही वाहनांचा वेग मंदावला की रांगांमधून फिरत पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्ती दिसतात. काचेच्या आतील प्रवासी परदेशी निघालेला असतो आणि बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीला त्या रस्त्यावर थांबण्याचा तरी अधिकार आहे काय, हा वाद कित्येक वर्षे सुरू आहे.

प्रवासाचा हक्क हा साधारणतः तिकिटाचा आणि वेळेचा विषय मानला जातो. परंतु ज्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र, पेहराव आणि कागदपत्रांवरील लिंगनोंद यांचा मेळ बसत नाही, तिच्या दृष्टीने घराबाहेर पडण्यापासून परक्या गावी खोली मिळेपर्यंतचा प्रत्येक टप्पा ही एक चौकशी ठरते. गेल्या दशकात न्यायालयांनी आणि विधिमंडळांनी या संदर्भात महत्त्वाचे निर्णय घेतले. तरीही कायद्याने रस्ता मोकळा करणे आणि तो प्रत्यक्षात चालता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हेब्बाळपासून कॅरिबियन प्रदेशातील जॉर्जटाउनपर्यंतच्या अनुभवातून स्पष्ट होते.

एकाच साम्राज्याचे दोन कायदे

भारत आणि गयाना यांच्यात सागरांचे अंतर असले तरी या प्रश्नाची मुळे एकाच ठिकाणी सापडतात. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. भटक्या जमातींवर या कायद्याने केलेला अन्याय महाराष्ट्राला परिचित आहे. मात्र त्याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता, याची चर्चा तुलनेने कमी झाली. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब या भागांसाठी केलेल्या या तरतुदीनुसार संशयित व्यक्तींची नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेशात आढळल्यास तिला वॉरंटविना अटक करता येत असे आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकत असे. थोडक्यात, रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा ठरविण्यात आला होता.

निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही १३२९ फसली, म्हणजे सुमारे १९१९ मध्ये, याच धर्तीचा कायदा केला. मराठवाडा आणि आजच्या कर्नाटकाचा ईशान्य भाग त्या वेळी याच संस्थानात समाविष्ट होता. तेलंगणात हा कायदा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो जुलै २०२३ मध्ये. दरम्यान कर्नाटकाने २०११ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात ३६ अ हे नवे कलम घालून तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा आणि त्यांच्या हालचालींवर निर्बंध आणण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना दिला होता. या कलमाला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि त्यानंतर राज्य शासनाला त्यातील समुदायवाचक शब्द बदलणे भाग पडले. एकोणिसाव्या शतकातील कल्पना एकविसाव्या शतकात माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीत पुन्हा अवतरली, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ब्रिटिश गयानात १८९३ मध्ये झालेल्या कायद्याने 'अनुचित हेतूने' सार्वजनिक ठिकाणी पुरुषाने स्त्रीवेश किंवा स्त्रीने पुरुषवेश धारण करणे दंडनीय ठरविले. १८३८ ते १९१७ या काळात भारतातून दोन लाख तीस हजारांहून अधिक गिरमिटिया मजूर ज्या वसाहतीत नेण्यात आले, तीच ही वसाहत. रोहन कन्हाय आणि शिवनारायण चंदरपॉल यांच्यामुळे भारतीय क्रिकेटरसिकांना हा देश ठाऊक आहे. त्याच्या मुख्य विमानतळालाही भारतीय वंशाचे दिवंगत अध्यक्ष छेदी जगन यांचे नाव आहे.

जॉर्जटाउनचा निकाल

फेब्रुवारी २००९ मध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउन येथे पोलिसांनी स्त्रीवेशातील काही व्यक्तींना १८९३ च्या कायद्याखाली अटक केली. त्यांना शनिवार-रविवार कोठडीत काढावे लागले आणि नंतर दंड झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना चर्चमध्ये जाण्याचा उपदेशही केला. त्यांच्यापैकी चौघांनी या कारवाईला आव्हान दिले. केवळ वेश पालटणे हा गुन्हा नव्हे, हेतू अनुचित असेल तरच तो गुन्हा होतो, असे उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. परंतु 'अनुचित हेतू' म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही. ते ठरविण्याचे काम रस्त्यावरच्या शिपायाकडेच राहिले.

अखेर १३ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅरिबियन न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. कायदा इतका संदिग्ध आहे की, आपण केव्हा गुन्हा करीत आहोत हे सामान्य नागरिकाला कळूच शकत नाही, तसेच तो समतेच्या आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वांशी विसंगत आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. न्यायासनावरून धर्मोपदेश करण्याची प्रथाही न्यायालयाने अमान्य केली.

या खटल्यातील एक घटनात्मक मुद्दा भारतीय वाचकांसाठी विशेष उद्बोधक आहे. कॅरिबियन प्रदेशातील अनेक राज्यघटनांमध्ये स्वातंत्र्यपूर्व कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून संरक्षण देणारे कलम आहे. भारताच्या घटनाकारांनी नेमका उलटा मार्ग स्वीकारला. राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदानुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे त्या मर्यादेत शून्यवत ठरतात. गयानाच्या प्रकरणात न्यायालयाने या संरक्षक कलमाचा अर्थ संकुचित लावला. त्रिनिदादमध्ये मात्र याच कलमाच्या आधारे अपील न्यायालयाने समलैंगिक संबंधांविषयीचा २०१८ चा उदार निकाल मार्च २०२५ मध्ये फिरविला. बेलीझ, बार्बाडोस, अँटिग्वा, डॉमिनिका आणि सेंट लुसिया येथील न्यायालयांनी २०१६ ते २०२५ या काळात असे जुने कायदे रद्द केले, तर जमैकात १८६४ चा कायदा कायम राहिला. त्यामुळे एका बेटावर निर्धास्त फिरणारा पर्यटक शेजारच्या बेटावर पाऊल ठेवताच वेगळ्या कायद्याच्या कक्षेत येतो.

हक्क मान्य, रस्ता अपुरा

भारतात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या पीठाने दिलेला निकाल मैलाचा दगड ठरला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या या याचिकेत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्यासारख्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनीही आपली बाजू मांडली होती. आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार न्यायालयाने व्यक्तीला दिला. सार्वजनिक ठिकाणी स्वतंत्र स्वच्छतागृहांची व्यवस्था करण्याचे निर्देशही त्यात होते. प्रवासात तासन् तास पाणी न पिता बसावे लागणाऱ्या व्यक्तीला या निर्देशाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

तथापि निकालास आठ महिनेही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर २०१४ मध्ये बंगळुरूच्या पोलिसांनी शहराच्या निरनिराळ्या भागांतून दीडशेहून अधिक तृतीयपंथीयांना ताब्यात घेऊन भिक्षेकरी पुनर्वसन केंद्रात पाठविले. त्यासाठी कर्नाटकाच्या १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्याचा आधार घेण्यात आला. तीव्र निषेधानंतर त्यांची सुटका झाली. वेशाबद्दलचा जुना कायदा गेला तरी भिक्षा, उपद्रव किंवा संशय अशा नावांखाली तोच परिणाम साधता येतो, हे त्या कारवाईने दाखवून दिले. एकोणिसावा अनुच्छेद देशभर मुक्तपणे संचार करण्याची हमी देतो. पण रस्त्यावर दिसणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला प्रवासी न समजता भिक्षेकरीच समजले जात असेल, तर ती हमी कागदावरच राहते.

२०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि तो जानेवारी २०२० मध्ये अमलात आला. शिक्षण, नोकरी आणि आरोग्य यांच्या बरोबरीने संचाराच्या हक्काबाबत भेदभाव करण्यासही त्यात मनाई करण्यात आली. सार्वजनिक ठिकाणी जाण्यास अडविणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला. २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ओळखप्रमाणपत्र देण्याची पद्धत आखून दिली आणि त्याच वर्षी त्यासाठी राष्ट्रीय संकेतस्थळही सुरू झाले. स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क आणि ती शासनाकडून प्रमाणित करून घेण्याची अट यांच्यातील ताण मात्र या कायद्याच्या जन्मापासूनच चर्चेचा विषय राहिला आहे.

बस, आगगाडी आणि जोगव्याची वाट

प्रवासाच्या बाबतीत कर्नाटकाने एक ठोस पाऊल उचलले. ११ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या 'शक्ती' योजनेत राज्यातील महिलांबरोबरच तृतीयपंथीयांनाही सरकारी साध्या बसमध्ये विनामूल्य प्रवासाची सोय देण्यात आली. तामिळनाडूने २०२१ मध्ये आणि तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये अशाच योजनांत त्यांचा समावेश केला. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये एसटीच्या भाड्यात जाहीर झालेली ५० टक्के सवलत 'महिला सन्मान' या नावाने आली होती. शासनाच्या आदेशात एखाद्या समाजाचा नावानिशी उल्लेख असला की वाहकाशी वाद घालण्याची वेळ येत नाही, हा या योजनांमधील खरा फरक आहे.

अर्थात 'शक्ती' योजनेलाही मर्यादा होत्या. ती कर्नाटकातील रहिवाशांपुरती होती आणि वातानुकूलित बस तिच्यातून वगळण्यात आल्या होत्या. त्यामुळे हेब्बाळच्या थांब्यावरून शहरात जाणारी साधी बस विनामूल्य, तर विमानतळाकडे नेणारी 'वायू वज्र' बस सशुल्क अशी विभागणी झाली. रेल्वेनेही २०१६ मध्ये आरक्षणाच्या अर्जावर स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर तिसरा पर्याय उपलब्ध केला. अर्जावरील हा रकाना उपयुक्त असला, तरी महिलांच्या राखीव डब्यात की सर्वसाधारण डब्यात, हा फलाटावरचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

येथे एका जुन्या प्रवासाची आठवण अप्रस्तुत ठरू नये. कोल्हापूर आणि सांगली परिसरातून बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माकडे जाणारे जोगते पिढ्यान् पिढ्या साडी नेसून, डोक्यावर जग घेऊन आणि चौंडक्याच्या तालावर जोगवा मागत गावोगाव फिरत आले आहेत. त्यांना कोणी कागद विचारले नाहीत. देवीचा भंडारा हीच त्यांची ओळख मानली गेली. कर्नाटकातील जोगती परंपरेच्या कलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला आणि त्यांनी राज्याच्या जानपद अकादमीचे अध्यक्षपदही भूषविले. परंतु या स्वीकारालाही अट होती. देवीच्या नावाने फिरणाऱ्याला ओटीवर जागा मिळे, मात्र तोच जर नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा केवळ फिरण्यासाठी निघाला, तर त्याच गावात दार उघडेलच अशी शाश्वती नव्हती. परंपरेने यात्रेकरूला वाट दिली, नागरिकाला वाट देण्याचे काम राज्यघटनेवर येऊन पडले.

पारपत्रातील एक अक्षर

परदेशप्रवास हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात ठामपणे सांगितले. तृतीयपंथी प्रवाशासाठी मात्र हा हक्क बऱ्याच अंशी पारपत्रावरील एका अक्षरावर अवलंबून असतो. भारतीय पारपत्राच्या अर्जात तिसऱ्या पर्यायाची सोय २००५ पासून झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमावलीने लिंगाच्या रकान्यात स्त्री, पुरुष आणि अनिर्दिष्ट दर्शविणारे 'एक्स' हे अक्षर अशा तीन नोंदी मान्य केल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये 'एक्स' नोंदीचे पारपत्र देण्यास प्रारंभ केला आणि नंतर अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले.

अमेरिकेने असे पहिले पारपत्र ऑक्टोबर २०२१ मध्ये दिले. तथापि २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने तेथील शासनव्यवहारात केवळ दोन जैविक लिंगांना मान्यता देण्यात आली आणि पारपत्रांसह व्हिसाचाही त्या आदेशात उल्लेख झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, मूळ खटला प्रलंबित असताना, पारपत्रांबाबतच्या या धोरणाची अंमलबजावणी करू दिली. हा प्रश्न केवळ अमेरिकी नागरिकांचा नाही. भारतातून गयानाला जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत विमान बदलावे लागते आणि न्यूयॉर्क किंवा मायामी येथून जॉर्जटाउनला जाणारा मार्ग प्रचलित आहे. म्हणजे निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणचा कायदा अनुकूल असला, तरी वाटेतल्या तिसऱ्या देशाचा नियम प्रवास अवघड करू शकतो.

रांग आणि खोली

कागद निर्दोष असला तरी विमानतळावर रांग निवडावीच लागते. भारतीय विमानतळांवर पुरुषांची अंगझडती उघड्यावर आणि महिलांची पडद्याआड महिला कर्मचाऱ्यांकडून घेण्याची पद्धत आहे. तिसऱ्या नोंदीच्या प्रवाशाने कोठे उभे राहावे, याचे उत्तर त्या वेळी कर्तव्यावर असलेल्या जवानाच्या समजुतीवर सोडले गेले, तर एकाच प्रवाशाला दोन विमानतळांवर दोन वेगळे अनुभव येणे अपरिहार्य आहे.

सुरक्षा यंत्रणांची बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. झडती टाळता येत नाही आणि ओळखीची खातरजमा हे त्यांचे कर्तव्यच आहे. झडती घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही दुर्लक्षित करता येत नाही. परंतु तपासणी कोणी करावी याची प्रवाशाकडे विचारणा करणे, ती पडद्याआड करणे आणि नाव व छायाचित्र जुळत असताना केवळ पेहरावावरून जादा प्रश्न न विचारणे, यांपैकी कशानेही सुरक्षेत उणेपणा येत नाही. उलट नियम लेखी आणि सर्वत्र सारखा असेल, तर प्रवासी आणि कर्मचारी या दोघांचाही अवघडलेपणा कमी होतो. जॉर्जटाउनच्या खटल्यातील संदिग्धतेचा धडा येथेही लागू पडतो.

प्रवासाचा शेवटचा टप्पा निवाऱ्याचा असतो आणि तेथे शासनाचा हात सर्वांत तोकडा पडतो. २०१७ मध्ये कोची मेट्रोने वीसहून अधिक तृतीयपंथीयांना नोकरी देऊन देशभर वाहवा मिळविली. मात्र काही दिवसांतच त्यांपैकी काही जणांनी काम सोडल्याचे वृत्त आले, कारण शहरात त्यांना कोणी खोली देत नव्हते. नियुक्तिपत्र देणे सरकारी उपक्रमाच्या हाती होते, घरमालकाचे मन वळविणे त्याच्या हाती नव्हते. जी अडचण भाडेकरूला येते, तीच एका रात्रीसाठी लॉजच्या नोंदवहीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रवाशालाही येते. आधारपत्रावर एक नाव, समोर दुसरे रूप, आणि मग 'खोल्या भरल्या आहेत' हे ठरलेले उत्तर.

पुढील दिशा

२०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख ८७ हजार ८०३ व्यक्तींची नोंद 'इतर' या लिंगवर्गात झाली. त्यांपैकी ४० हजार ८९१ महाराष्ट्रात आणि २० हजार २६६ कर्नाटकात होत्या. ही संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे मानले जाते, कारण घरी येणाऱ्या प्रगणकाला खरी ओळख सांगणे हेही अनेकांना शक्य नसते. एवढ्या मोठ्या समुदायाला प्रवासापासून दूर ठेवण्याचा अर्थ त्याला शिक्षण, उपचार, रोजगार आणि न्यायालय यांच्यापासून दूर ठेवणे असा होतो. ज्याला बसमध्ये बसता येत नाही, त्याला कार्यालयातही पोहोचता येत नाही आणि अखेर तो चौकातच उभा राहतो. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्याचा लाभ प्रत्यक्षात मिळायचा, तर परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि आदल्या रात्रीची खोली याही गोष्टी सुलभ व्हाव्या लागतील.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. सर्व दस्तऐवजांतील नोंद एकाच अर्जाने बदलण्याची सोय, विमानतळ आणि रेल्वेस्थानकांसाठी तपासणीची लेखी कार्यपद्धती, वाहक व सुरक्षा कर्मचारी यांचे प्रशिक्षण, स्वच्छतागृहांच्या निर्देशांची अंमलबजावणी आणि निवास नाकारणाऱ्यांवर कायद्याचा प्रत्यक्ष वापर, हे उपाय प्रशासनाच्या आवाक्यातील आहेत. आंतरराज्य बससेवांतील सवलतींबाबत शेजारी राज्यांनी परस्परांच्या ओळखपत्रांना मान्यता दिल्यास सीमाभागातील प्रवाशांना मोठा दिलासा मिळेल.

हेब्बाळच्या चौकात कोणालाही न घाबरता थांबता येणे आणि तेथून विमानतळाकडे निःशंकपणे जाता येणे, या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. संचाराच्या एकाच हक्काची ती दोन टोके आहेत. पहिल्या टोकाला १८७१ च्या कायद्याची सावली आजही पूर्णपणे हटलेली नाही आणि दुसऱ्या टोकाला पारपत्रावरील एका अक्षराचे भवितव्य दूरच्या राजधान्यांत ठरत आहे. न्यायालयांनी आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. त्यांचे निकाल तपासणीच्या रांगेपर्यंत, बसच्या पायरीपर्यंत आणि लॉजच्या नोंदवहीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी आता प्रशासनाची आणि समाजाची आहे.